माझा डावा हात आणि मण्यारीण चाची

“हात सोड. सैल सोड म्हंते न मी. हात तुझा न्हाईच, असं समज.”

बांगड्या भरायला समोर बसलेल्या प्रत्येक बाईला आमची मण्यारीण चाची हे सांगायची. मग चार बोटं एकत्र दाबायची, अंगठा आत मुडपायची, आणि तुमच्या माहेरची चौकशी चालू असतानाच बांगडी मनगटावर उतरलेली असायची. जी बाई हात आखडून बसते तिच्याच हातात काच फुटते, हे तुम्हीही पाहिलं असेल. चाचीच्या हातून मात्र आखडलेल्या हातातही क्वचितच बांगडी फुटायची. फुटली तर ती म्हणायची, “वाढली. जाऊ दे, तिचं तेवढंच आयुष्य.”

ती औंढ्याची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आसपासच्या गावांत हिंडायची, आणि महिना-दीड महिन्यानं शिरड शहापूरला आमच्या दारात यायची. तिचा सगळा माल हैद्राबादच्या लाड बाजारातला असे. निदान ती तसं सांगे. दोन दिवसांत तडकणारी जाड काचेची बांगडीसुद्धा लाड बाजारचीच. “मग फुटली कशी चाची?” असं विचारलं की म्हणायची, “बाजार बराबर हाय, हात तुझा गडबडीचा.”

तिची एक खोड सांगितली तर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. एकदा शिवरात्रीच्या जत्रेत मी तिच्या पुढ्यात उभी राहून “चाची” म्हणाले, तर ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडं पाहावं तशी पाहत राहिली. मी हात पुढं केला. तिनं तो धरला, उलटासुलटा केला आणि ओरडली, “आगं, शिरडची तू! मग तोंड काहून दाखवून राहिली मघापासून?”

त्या हाताचीच गोष्ट सांगायची आहे.

निजामाच्या राज्यातले दिवस होते. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिली मुलगी झाली आणि सव्वा महिन्याची असताना गेली. घरात कुणी मला लागट बोललं नाही, पण कुणी त्याबद्दल काहीच बोललं नाही. पाळणा माळ्यावर गेला आणि मी पुन्हा कामाला लागले.

त्यानंतर कधी तरी डाव्या हाताला, मनगटाच्या वर, खाज सुटली. डास चावल्याएवढा ठिपका होता. मी खाजवलं. खाजवताना जे सुख वाटायचं ते सांगायची आजही लाज वाटते. मग आग व्हायची, आग थांबली की पुन्हा खाज, आणि पुन्हा नखं. चुलीशी बसले की हात आपोआप हातावर जायचा. झोपेत खाजवलेलं सकाळी नखांतल्या रक्तावरून कळायचं. वर्षभरात तिथली कातडी जाड झाली, काळी पडली, तिच्यावर रेघा उमटल्या. जू ओढून बैलाच्या मानेला घट्टा पडतो ना, अगदी तसा.

उपाय कमी झाले नाहीत. कडुलिंबाचा पाला झाला, गंधक झाला, करंजाचं तेल झालं. शेवटी गावातल्या एका जाणत्या बाईनं बिब्बा लावला. बिब्बा उतला. हात कोपरापर्यंत सुजला, फोड आले, पाणी वाहायला लागलं. सूज उतरल्यावर चट्टा पहिल्यापेक्षा दुप्पट झालेला दिसला. तो बघून विहिरीवर कुणी तरी तो शब्द उच्चारला. महारोग.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, मी दोष देत नाही. त्यांची सख्खी बहीण त्या रोगानं गेली होती. गावाबाहेर खोपटात राहिली, आणि तिची भाकर या स्वतः लांबून ठेवून यायच्या. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. माझं ताट वेगळं झालं. मग माझं अंथरूण गोठ्याच्या पडवीत गेलं. स्वयंपाकघर बंद झालं. माझ्या वडिलांना बोलावून मला माहेरी पाठवायचं, अशी बोलणी सुरू झाली. आणि माझे मालक? ते खाली मान घालून शेतावर जायचे आणि खाली मान घालून परत यायचे. आईपुढं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

बरेच महिने फेरी चुकवून चाची आली ती अशा दिवसांत. ओसरीवर टोपली उतरवून तिनं आत्याबाईंना बांगड्या भरल्या, जावेला भरल्या, आणि विचारलं, “धाकटी कुठं हाय?”

“तिला नको भरू,” आत्याबाई म्हणाल्या. “तिचा हात नासला.”

“नासाया काय दूध हाय का?” असं म्हणून चाची उठली आणि सरळ पडवीत माझ्यापुढं येऊन बसली. मी हात पदराखाली लपवला. तिनं तो ओढून बाहेर काढला आणि आपल्या मांडीवर ठेवला. पाच-सहा महिन्यांत माझ्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. मला रडू फुटलं. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. चट्ट्यावरून अंगठा फिरवत ती म्हणाली, “डोळे मिट.”

मी मिटले. तिनं पदराचं टोक तिथं लावलं. “कळालं?”

“व्हय.”

मग गार पाण्यात बुडवलेलं बोट. मग बांगडीच्या काचेचं टोक. प्रत्येक वेळी मी सांगत गेले.

“उघड डोळे,” ती म्हणाली. “महारोगात न्हाई कळत बेटी. सुई खुपसली तरी न्हाई कळत. तुला तर पदर लागलेला कळून राहिला. हे निस्तं खाजवायचं दुखणं हाय. खाजवलं की कातडं जाड व्हते, जाड झालं की जास्ती खाजते. इकडं बघ.” तिनं पाऊल पुढं केलं. घोट्याच्या वर तळहाताएवढा काळपट डाग होता. “माझा नवरा गेला तवापासून. दोन साल मी हे खाजवलं. हिंगोलीच्या दवाखान्यातल्या डागदरनं सांगितलं तवा अक्कल आली.”

मी म्हटलं, “आत्याबाईला सांगा ना.”

“मी सांगून कोन ऐकते? मी बांगडीवाली.” तिनं थोडा विचार केला. “डागदरनं सांगाया पायजे.”

आत्याबाई दवाखान्याला तयार नव्हत्या. तिथं नाव लिहून घेतात, गावभर होतं, असं त्यांचं म्हणणं. चाची दोन दिवस आमच्या गावातून हललीच नाही. सकाळी ओसरीवर यायची, बसायची. “कवा निघायचं?” एवढंच विचारायची. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी कंटाळून मालकांना गाडी जुंपायला सांगितली, आणि चाचीही टोपलीसकट आमच्याबरोबर गाडीत बसली.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर उर्दू बोलणारे होते, वयस्कर, घाईतले. त्यांनी कापूस लावून पाहिला, टाचणी टोचून पाहिली, कोपराच्या मागची शीर चाचपली, आणि म्हणाले, “कोढ़ नहीं है। खुजाने से हुआ है। यह बीमारी इसकी उँगलियों ने बनाई है, नाखून काटो और खुजाना बंद करो।” मलमाची चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आत्याबाईंना उर्दू समजत नव्हती. त्यांनी चाचीकडं पाहिलं.

चाचीनं टोपली खाली ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. “डागदर म्हंते, महारोग न्हाई, न्हाई म्हंजे न्हाईच. म्हंते, हे कुनाला लागत न्हाई, ताटाला लागत न्हाई, पान्याला लागत न्हाई. म्हंते, सुनेला पयल्यासारखं घरात घ्या, तिच्या हातची भाकर खा. पडवीत झोपवू नका, गार वारा या दुखन्याला वाईट. आनि म्हंते, तिला काही बोलू नका, जिवाला लागलं की हे वाढते. माहेरी तर मुळीच पाठवू नका, बैलगाडीचे धक्के वाईट.”

आत्याबाईंनी डोळे बारीक केले. “येवढं सगळं बोलला का तो?”

“उर्दू असीच असते बाई. बोलाया थोडी, आत लई.”

माझ्या मालकांचं शिक्षण निजामाच्या शाळेत झालं होतं. त्यांना उर्दू चांगली येत होती. मी त्यांच्याकडं चोरून पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि ते गप्प होते. त्या घरात मी त्यांचं गप्प बसणं पुष्कळदा पाहिलं होतं. माझ्या बाजूनं गप्प बसलेले मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. परतीच्या वाटेवर त्यांनी बैल इतके सावकाश हाकले की आत्याबाई रागावल्या. धक्के बसू नयेत म्हणून, असं ते म्हणाले.

घरात घेतलं म्हणजे दुखणं गेलं असं नव्हतं. मलम महिन्याभरात संपलं. खाज होतीच. “खाजवू नको” हे सांगायला सोपं असतं. ज्याला खाज आहे त्याला विचारा. शिंक अडवावी तसं ते काम आहे, फरक एवढाच की शिंक दिवसभर येत नाही.

पुढच्या फेरीला चाची आली ती जुन्या मलमलीच्या पट्ट्या घेऊनच. तिनं माझी नखं स्वतः कापली, मुळापासून. गार पाण्याचं फडकं हातावर ठेवायला लावलं, मग तिळाचं तेल, मग वरून मऊ पट्टी. आणि पट्टीवर, मनगटापासून कोपरापर्यंत, दाटीनं हिरव्या बांगड्या भरल्या. बोट आत जायला फट राहिली नाही.

“आता खाजवून दाखव,” ती म्हणाली.

मी प्रयत्न केला. सगळ्या बांगड्या एकदम खळखळल्या.

“हां. आता हे घरभर ऐकू जाईल. लई खाज आली तर वरून थाप मार, हलकं. लेकराला थोपटते तसं.”

‘लेकराला’ हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि ती थांबली. मग तिनं विचारलं, “सगळ्यात जास्ती कवा खाजते?”

मी म्हटलं, “रिकामी बसले की. दुपारी. जाऊबाई लेकराला पाजत असते तवा.”

“किती दिवसांची होती?”

“सव्वा महिन्याची.”

“नाव?”

दोन वर्षं होत आली होती. त्या मुलीचं नाव मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. चाचीनं ते दोनदा उच्चारून पाहिलं, बरोबर उच्चारलं ना म्हणून मला विचारलं, आणि मग बराच वेळ पट्टीवरच्या बांगड्या सारख्या करत बसली.

निघताना तिनं एक बोचकं माझ्यापुढं सोडलं. लहानमोठ्या, नाना रंगांच्या बांगड्यांचा नुसता गोंधळ होता. “माझे डोळे गेले बेटी. मापाच्या मापाला लावून दोऱ्यात ओवून ठेव. पुढल्या येळी घेऊन जाते. दुपारी कर, उजेडात.”

मी करायला लागले. दुपारी बोटांना काम मिळालं. एक बांगडी दुसरीवर ठेवून माप बघायचं, रंग लावायचा, ओवायची. कधी मन भरकटलं, उजवा हात डावीकडं गेला, की बांगड्या वाजायच्या आणि आतून आत्याबाईंचा आवाज यायचा, “सूनबाई, हात!” पहिल्यांदा त्या आवाजात धाक होता. पावसाळा सरता सरता तो धाक गेला. एक दिवस हात वाजला तर त्या स्वतः उठून आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि पट्टीवरून थोपटू लागल्या. “माझ्या बहिनीला मी असा हात न्हाई लावला कधी,” एवढंच म्हणाल्या. त्या बराच वेळ थोपटत होत्या.

चाची दर फेरीला ओवलेल्या माळा घेऊन जायची आणि नवा गोंधळ टाकून जायची. “तुझ्यामुळं माझा धंदा चालून राहिला,” म्हणायची. मला अभिमान वाटायचा.

चट्टा पातळ व्हायला वर्ष लागलं. मध्ये दोनदा बिघडला. एकदा तर मी रागाच्या भरात बांगड्या फोडून, पट्टी फाडून, रक्त येईपर्यंत खाजवलं. चाची आली, तिनं पाहिलं. मला वाटलं आता रागावणार. तिनं नव्यानं पट्टी बांधली आणि म्हणाली, “मी तर सात वेळा फाडली व्हती. तुझी एकच झाली.”

कातडी मऊ झाली, रंग परतला, फिकट डाग तेवढा उरला. त्यानंतर दोन वर्षांनी मला मुलगा झाला. त्याला घेऊन आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो, तेव्हा चाचीच्या घरी गेलो. ती बाहेर गेली होती. तिच्या सुनेनं आम्हाला बसवलं, गूळपाणी दिलं. बोलता बोलता मी म्हटलं, “चाचीचे डोळे कसे हायत आता? बांगड्या कोन लावून देते?”

सून हसायला लागली. “अम्माचे डोळे? सुईत दोरा ओवते ती अजून. शिरडला जायच्या आदल्या दिवशी लावलेल्या माळा सोडायची आनि सगळ्या एकात एक कालवायची. मी म्हनायची, अम्मा, येड लागलं का? तर म्हने, तिकडं एका पोरीला काम पायजे.”

मी मुलाला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. चाची आल्यावर मी त्याबद्दल काही बोलले नाही. पण त्या दिवशी गप्पा मारताना तिचा हात नकळत घोट्याकडं गेला, तसं मी जोरात म्हटलं, “चाची, हात!” ती दचकली, ओशाळली, आणि मग पोट धरून हसली. “बुढ्ढीला पकडलं गं बाई.” तिची खाज कधी पूर्ण गेलीच नव्हती. तिच्या घोट्यावर थापट्या मारायला कोण होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आज सुचतं.

मग रझाकारांचे दिवस आले. वाटा ओस पडल्या. या गावचा माणूस त्या गावाला जाईना. कोण कुणाकडं कशा नजरेनं पाहील याचा नेम राहिला नाही. आम्ही घाबरलेलो होतो, आणि औंढ्याच्या मण्यारांच्या गल्लीतली माणसं आमच्याइतकीच घाबरलेली होती. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं. सगळं निवल्यावर आम्ही औंढ्याला गेलो, तर चाचीचं घर बंद होतं. शेजारी म्हणाले, लेकासुनेबरोबर गेली. कुणी हैद्राबाद सांगितलं, कुणी परभणी. आम्ही परभणीला माणूस पाठवला. पत्ता लागला नाही. तिची कबर कुठं आहे, मला ठाऊक नाही.

मला ती शेवटची दिसली पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात. अशा दिवसांतही ती एकटी आमच्या दारात येऊन उभी राहिली होती. आत्याबाई तिच्यावर ओरडल्या, “जीव जड झाला का गं तुला?” आणि हाताला धरून तिला आत घेतलं. चार दिवस जाऊ दिलं नाही. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसून एकमेकींची दुखणी सांगत होत्या. पाचव्या दिवशी सकाळी चाची हट्टानं निघाली. घरी लेक वाट बघत असेल, म्हणाली.

तिनं टोपलीला हात घातला, तोच माझ्या मालकांनी ती उचलली आणि आपल्या डोक्यावर ठेवली.

“आरं, गडीमाणसानं...” आत्याबाई म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या.

“औंढ्यापत्तोर येतो मी,” हे म्हणाले.

“लोक बघून राहिले ना बेटा,” चाची म्हणाली. पारावर माणसं बसलेली होतीच. त्यांतला एक जण मोठ्यानं बोलला, “काय हो, बांगड्या विकाया निघाले का?” त्या दिवसांत असल्या बोलण्यात नुसती थट्टा नसायची.

“व्हय,” हे थांबून म्हणाले. “भरायच्या का तुमाला?”

ही दोघं पुढं गेली. मी वेशीपर्यंत गेले आणि तिथं उभी राहिले. डोक्यावर ओझं घेऊन चालायची यांना सवय नव्हती. दोन्ही हातांनी टोपली धरून, पाऊल जपून टाकत ते चालले होते, आणि चाची दर चार पावलांवर मागं वळून त्यांना काही तरी शिकवत होती. मान ताठ ठेव, खाली बघू नको, असंच काही असेल. ज्वारी निघालेलं रान दोन्ही बाजूंना मोकळं पडलं होतं. ऊन चढेपर्यंत ती दोघं मला दिसत होती.